पेटी जुनी, पाया नवा

घरातील एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावी की दुरुस्त करून वापरावी, हा प्रश्न आपल्या कुटुंबांना नवा नाही. शिवणयंत्राचा पट्टा तुटला म्हणून कोणी यंत्र भंगारात घालीत नाही. वाड्याची तुळई वाळवीने खाल्ली तर तुळई बदलावी, वाडा पाडू नये, असेच आपले वाडवडील सांगत आले. परंतु घरचा संगणक बंद पडला म्हणजे मात्र आपण गोंधळून जातो. त्या बंद पेटीच्या आत काय आहे, त्यातील काय गेले आणि काय शाबूत आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नसते त्याविषयी दुकानदार सांगेल तेच खरे मानावे लागते.

वाचकहो, हा प्रश्न आमच्या शेजारच्या घरी कसा उभा राहिला आणि कसा सुटला, हे आपणांस सांगावे म्हणून हा लेख. त्यात आपल्याही उपयोगाचे बरेच काही सापडेल, अशी आशा आहे.

रायपुरातील एक घर

रायपूर ही आज छत्तीसगडची राजधानी असली, तरी येथील मराठी वस्ती फार जुनी आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरी राहून हा मुलूख सांभाळला. १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, पण माणसे राहिली. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांत आजही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात.

अशाच एका घरातील आजोबांनी निवृत्तीनंतर आपल्या घराण्याची हकीकत संगणकावर टंकलिखित केली होती. कोण कोठून आले, कोणाची सोयरीक कोठे झाली, १८५४ नंतर घर कसे चालले, असा तो सुमारे तीनशे पानांचा मजकूर. आजोबा आता नाहीत. मजकूर होता तो २०१३ साली स्थानिक दुकानातून जुळवून घेतलेल्या एका संगणकात. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

२०२५ च्या दिवाळीची साफसफाई चालली असता तो संगणक जागचा हलविला गेला आणि त्यानंतर तो सुरूच होईना. दुकानदाराने पेटीकडे एक नजर टाकून सांगितले, "माताजी, अब इसमें कुछ नहीं रखा, नया ले लीजिए." आजी काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी एवढेच विचारले, "ह्यांनी लिहिलेलेसुद्धा गेले का गं?"

नात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकणारी. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्हीही या. उघडून तरी पाहू."

पेटीच्या आत काय असते?

पेटी उघडली म्हणजे डाव्या अंगास एक मोठा सपाट फळा उभा बसविलेला दिसतो. यालाच मदरबोर्ड म्हणतात, आणि हे आईचे नाव त्याला शोभते. गणित करणारा प्रोसेसर, चालू कामाची तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम, कायमची साठवण करणारी डिस्क, पडदा, कळफलक या सर्वांना हाच फळा एकत्र ठेवतो व परस्परांशी बोलू देतो. वीज देणारा डबा वेगळा असतो. त्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी: आपण लिहिलेला मजकूर, छायाचित्रे, हिशेब यांतील काहीही मदरबोर्डवर नसते. ते सर्व डिस्कवर असते. फळा जळाला म्हणून मजकूर जळत नाही. म्हणूनच नातीने सर्वांत प्रथम डिस्क सोडवून बाहेर काढली, एका जोडतारेने ती दुसऱ्या संगणकास लावली, आणि आजोबांचा मजकूर असलेल्या साऱ्या फायली उतरवून घेतल्या. त्या रात्री आजींनी समाधानाने चार घास खाल्ले.

निदान आधी, खर्च मागून

वैद्याने नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तसेच येथेही आहे. संगणक सुरू होत नाही याचा अर्थ मदरबोर्ड गेला असाच नव्हे. स्वस्त कारणे आधी तपासावीत.

पहिले कारण म्हणजे धूळ. रायपूरच्या रहिवाशांस काळ्या धुळीचे वेगळे वर्णन नको. शहराच्या उत्तरेस उरला व सिलतरा येथे स्पंज लोखंडाचे कारखाने आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काजळी बसते, तीच पंख्यावाटे संगणकाच्या पोटातही जाते. कोरड्या दिवसांत ती उष्णता कोंडून धरते. पावसाळ्यात ओल धरून नाजूक जोडांवर गंज चढविते. त्यात वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा आतील भागांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. पेटी अंगणात नेऊन मऊ कुंचल्याने व ब्लोअरने धूळ काढावी. पंखा मात्र बोटाने धरून ठेवावा. वाऱ्याच्या झोताने तो वेगाने फिरू देऊ नये.

दुसरे कारण रॅमचे. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसाव्यात व ती पुन्हा नीट दाबून बसवावी. पुष्कळ 'मेलेले' संगणक एवढ्यानेच जिवंत होतात. तिसरे कारण एसएमपीएसचे. कोणाकडून चांगला मागून आणून लावून पाहावा. चौथे कारण फळ्यावरील नाण्यासारख्या तीन व्होल्टच्या सेलचे. तो संपला म्हणजे घड्याळ चुकते आणि कधी कधी आरंभीची व्यवस्थाही बिघडते.

शेजारच्या घरी रॅम पुसल्यावर संगणक पंधरा दिवस चालला आणि पुन्हा बंद पडला. दुसरा एसएमपीएस लावूनही उपयोग झाला नाही. मग विजेरीच्या उजेडात पाहता प्रोसेसरच्या शेजारचे दोन कपॅसिटर, ती लहान नळकांडी, माथ्यावर फुगलेली दिसली. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो; फुगलेला वा तपकिरी द्रव पाझरणारा कपॅसिटर हे फळा निकामी झाल्याचे ठळक लक्षण होय. २००० सालच्या पुढेमागे सदोष कपॅसिटरांमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड असेच फुगून बंद पडले होते.

तीन वाटा

निदान झाल्यावर घरापुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट, त्याच जातीचा मदरबोर्ड आणून बसविण्याची. प्रोसेसर फळ्यावरील ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि निरनिराळ्या पिढ्यांच्या बैठकी बहुधा वेगळ्या असतात. या संगणकात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर होता. त्याची बैठक ११५५ टाचण्यांची. ११५१, १२०० किंवा १७०० टाचण्यांच्या बैठकीत तो बसणार नाही. ११५५ च्या जातीचे फळे अजून बाजारात मिळतात व ते सर्वांत स्वस्त पडतात. प्रोसेसर, रॅम, सारे जुनेच राहते.

तथापि येथे एक अडचण होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर त्या अटींत बसत नाही. ज्यांना केवळ लेखन, पत्रव्यवहार व वाचन करावयाचे आहे, त्यांनी अशा यंत्रावर लिनक्स घालावे, हे उत्तम. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या शासकीय संस्थेने बॉस या नावाची लिनक्स प्रणाली तयार केली असून तीत मराठीची सोय आहे.

दुसरी वाट, मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम ही तिन्ही नवी घेऊन जुन्या पेटीत बसविण्याची. तिसरी वाट, सारेच नवे घेण्याची.

नातीला अभ्यासक्रमासाठी विंडोज ११ वर चालणारे कार्यक्रम हवे होते, म्हणून पहिली वाट बंद झाली. पेटी, पडदा, कळफलक, माऊस व यूपीएस उत्तम स्थितीत होते, म्हणून तिसरी वाट उधळपट्टीची ठरली. दुसरी वाट धरावयाचे ठरले.

एकाला हात लावला की तिघे हलतात

मदरबोर्ड बदलू पाहणाऱ्याने हे सूत्र पाठ करावे: नव्या पिढीचा फळा घेतला की प्रोसेसर नवा लागतो, आणि बहुधा रॅमही नवी लागते. जुन्या संगणकातील रॅम डीडीआर ३ जातीची होती; आजच्या फळ्यांना डीडीआर ४ किंवा डीडीआर ५ लागते. तिन्हींच्या कडेची खाच निरनिराळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बळजबरी केल्यास खाचेचा तुकडा पडतो. १७०० टाचण्यांच्या बैठकीचे काही फळे डीडीआर ४ घेतात, तर काही डीडीआर ५. दोन्ही एकाच फळ्यावर चालतील असे गृहीत धरू नये. फळ्याचा कागद वाचूनच रॅम घ्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव पुष्कळच चढले. म्हणून तिघांची बेरीज मांडल्याशिवाय एकाचीही खरेदी करू नये.

आणखी एक लहानसा सापळा आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर असते. तो थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात चित्र दाखविणारा भाग चालू नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो, आणि वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे पुढे मोजावे लागतात.

जुने काय काय टिकते, याचेही उत्तर समाधानकारक आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तो सुटे भाग जोडून वाढविता यावा अशा रचनेचा. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरविले: फळा केवढा, स्क्रूची भोके कोठे, मागची तोंडे कोठे. पूर्ण एटीएक्स फळा ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद. धाकटा मायक्रो-एटीएक्स २४४ चा चौरस. हे माप तीस वर्षे टिकले आहे, म्हणून २०१३ च्या पेटीत आजचा फळा बसतो. मात्र काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत त्यांनी स्वतःच्या मापाचे फळे व वेगळ्या जोडण्या वापरलेल्या असतात. अशा पेटीत बाहेरचा फळा बसेलच असे नाही. आधी मोजून पाहावे. लॅपटॉपला तर हा लेख लागूच नाही.

एसएमपीएस जुना ठेवावयाचा असेल तर त्याला २४ टाचण्यांची मुख्य जोडणी व प्रोसेसरसाठी वेगळी चार वा आठ टाचण्यांची जोडणी आहे ना, हे पाहावे. बारा वर्षे धूळ खाल्लेला स्वस्तातला एसएमपीएस मात्र बदललेलाच बरा. तो गेला तर जाताना नव्या फळ्यालाही घेऊन जातो. शेजाऱ्यांनी तो बदलला, आणि जुन्या फिरत्या डिस्कऐवजी प्रणालीसाठी एक लहान एसएसडी घेतली. संगणक 'हळू' झाला अशी ज्यांची एवढीच तक्रार असेल, त्यांनी मदरबोर्डच्या वाटेस न जाता प्रथम एसएसडी लावून पाहावी. पुष्कळांचे काम तेवढ्यावरच भागते.

प्रत्यक्ष कृती

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत, जेवणाच्या मेजावर काम सुरू झाले. त्याचा क्रम आपणही ध्यानी ठेवावा.

वीज बंद करून तार भिंतीतून काढावी व पेटीचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. कोरड्या हिवाळ्यात अंगावर साचलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण सूक्ष्म मंडलांस ती मारक ठरते. प्रत्येक तार काढण्यापूर्वी भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावे. पेटीच्या तोंडाकडील बटण व दिव्यांच्या बारीक तारा कोठे होत्या, हे नंतर कोणालाही आठवत नाही.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक लहान त्रिकोण असतो, तसाच बैठकीवरही असतो. दोन्ही जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबू नये. इंटेलच्या आजच्या बैठकीतील टाचण्या केसाहून नाजूक असतात व एक वाकली तरी फळा वाया जातो. प्रोसेसरच्या पाठीवर मुगाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवून वर पंखा बसवावा. ही पेस्ट उष्णता वाहून नेते. तुपासारखी सढळ हाताने वाढावयाची वस्तू नव्हे.

पेटीच्या तळावर फळा टेकवण्यासाठी पितळेचे छोटे पाय असतात. नव्या फळ्याला जेथे भोक नाही तेथील पाय काढून टाकावा, नाहीतर तो फळ्याच्या पाठीस टेकून मंडल जोडले जाते. मागच्या तोंडांभोवतीची पत्र्याची चौकट नव्या फळ्यासोबत येते. ती आधी बसवावी. नातीने ती विसरून फळा बसविला आणि नऊ स्क्रू पुन्हा काढले. आम्ही हसलो, तशी तीही हसली.

अक्षरे हरवली तेव्हा

दुपारी पडदा उजळला. नव्या एसएसडीवर विंडोज ११ घातले गेले. येथे हे सांगणे अवश्य आहे की, विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डशी बांधलेला असतो. फळा बदलला की ते यंत्र नवे समजले जाते. सुटा घेतलेला परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधी जोडून ठेवला असेल तर तो पुन्हा लागू करता येतो. तयार संगणकासोबत आलेला परवाना सहसा नव्या फळ्यावर जात नाही. तो खर्च हिशेबात धरावा. डिस्क कुलूपबंद केलेली असल्यास तिची किल्ली, म्हणजे तो लांबलचक क्रमांक, फळा काढण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवावा.

मग आजींना बोलावून नातीने आजोबांची फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी उमटली. मराठीचे एकही अक्षर नव्हते. आजी क्षणभर पाहत राहिल्या आणि उठून आत गेल्या.

खरे कारण साधे होते. युनिकोड या सर्वमान्य लिपिसंकेताच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरी पुढे कितीतरी वर्षे आपण निरनिराळ्या संस्थांचे फाँट वापरून मराठी लिहीत होतो. त्या फाँटांत 'क' हे अक्षर खरोखर 'क' म्हणून साठविले जात नसे. एखाद्या इंग्रजी चिन्हावर 'क' चे चित्र चढविलेले असे. फाँट नसला की चित्र जाते आणि नुसते चिन्ह उरते. नातीने फायली उतरविल्या होत्या, फाँट उतरविले नव्हते.

सुदैवाने एक शहाणपण तिने केले होते. जुनी डिस्क पुसून वापरावी असा सल्ला कोणीतरी दिला असताही तिने ती तशीच कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती. ती पुन्हा जोडली, विंडोजच्या फाँटांच्या कप्प्यातून ते जुने फाँट काढून नव्या यंत्रात बसविले आणि फाईल पुन्हा उघडली. आजोबांची पाने जशीच्या तशी समोर आली. नंतर तिने तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला, चुकलेली जोडाक्षरे आजींकडून दुरुस्त करून घेतली, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, एक नागपुरास आत्याकडे व एक कागदावर छापून ठेवली. या दुरुस्तीच्या निमित्ताने आजींनी तीनशे पाने पुन्हा वाचली. कित्येक ठिकाणी त्यांनी 'हे असे नव्हते' म्हणून समासात आपली टीपही घालविली.

जुन्या फळ्याचे काय करावे?

निकामी फळा कचऱ्यात टाकू नये व फेरीवाल्या कबाड्यालाही देऊ नये. त्यावर शिसे असू शकते आणि सोन्या-तांब्याचा अंशही असतो. तो अंश काढण्यासाठी फळे उघड्यावर जाळले जातात, आणि तो धूर कोणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जावयास हव्यात; उत्पादक कंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकलेली आहे. चालू स्थितीतील जुना प्रोसेसर व रॅम मात्र कोणाच्या तरी उपयोगी पडतात. शेजाऱ्यांनी त्या वस्तू दुरुस्ती करणाऱ्या एका होतकरू मुलास दिल्या.

वाचकहो, यंत्र दुरुस्त करण्यात पैसे वाचतात, हे खरेच. पण त्याहून मोठा लाभ असा की, आपल्या घरात काय आहे हे आपल्याला कळते. तेव्हा आज सायंकाळी एवढेच करावे: आपल्या संगणकातील ज्या मजकुराला दुसरी प्रत नाही, तो शोधून काढावा, त्याच्या फाँटांसह दुसरीकडे उतरवून ठेवावा, आणि मगच निश्चिंत व्हावे. फळा केव्हाही बदलता येतो. आजोबांची पाने पुन्हा लिहिता येत नाहीत.